भेग बुजवण्याआधी तिचे कारण शोधा

जुन्या इमारती, पूल आणि धरणे यांची तपासणी व दुरुस्ती या विषयावर आलेल्या पत्रांपैकी काही पत्रांना या अंकात उत्तरे देत आहोत. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत आणि काही सोसायट्यांमध्ये याच प्रश्नांवरून वाद सुरू असल्याने पत्रलेखकांची नावे गाळली आहेत.

प्रश्न : आमची चार मजली इमारत ठाण्यात खाडीच्या बाजूला असून १९८९ साली बांधलेली आहे. दोन वर्षांपूर्वी छताचे प्लास्टर पडले, म्हणून ठेकेदाराकडून नवे प्लास्टर आणि रंगकाम करून घेतले. या पावसाळ्यात त्या जागेच्या अगदी शेजारी पुन्हा पोपडे सुटले आणि गंजलेल्या सळया दिसू लागल्या. काम वाईट झाले की पद्धतच चुकली? (सचिव, गृहनिर्माण संस्था, ठाणे)

उत्तर : आपण दिलेल्या वर्णनावरून पद्धतच चुकली असे दिसते, आणि ही चूक इतक्या सोसायट्यांमध्ये होते की तिच्याबद्दल सविस्तर लिहिणे आवश्यक वाटते. ताज्या काँक्रीटचा सामू (पीएच, म्हणजे आम्लता किंवा अल्कता दाखवणारा आकडा) साडेबारा ते तेराच्या आसपास असतो. इतक्या अल्कधर्मी वातावरणात सळईच्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा अत्यंत पातळ पण घट्ट पापुद्रा तयार होतो आणि तो गंजाला अटकाव करतो. हे संरक्षण दोन मार्गांनी नाहीसे होते. पहिल्या मार्गात हवेतील कार्बन डायऑक्साइड काँक्रीटमध्ये हळूहळू झिरपत जातो, त्यामुळे सामू नऊच्या खाली येतो आणि पापुद्रा टिकत नाही. दुसऱ्या मार्गात खाऱ्या हवेतून, खाऱ्या पाण्यातून किंवा बांधकामात वापरलेल्या खाडीच्या रेतीतून आलेले क्लोराइड हा पापुद्रा जागोजागी भेदते. गंज मूळ लोखंडापेक्षा दोन ते सहापट जागा व्यापतो. ही वाढ आतून रेटा देते, सळईच्या रेषेत भेग पडते आणि शेवटी काँक्रीटचा तुकडा सुटून खाली येतो. म्हणजे प्लास्टर पडलेले दिसते, तेव्हा मूळ घटना काही वर्षे आधीच सुरू झालेली असते.

आता दुरुस्तीच्या शेजारीच पुन्हा नुकसान का झाले, ते पाहू. क्लोराइडग्रस्त स्लॅबमधील एक तुकडा काढून तिथे नवा, स्वच्छ, अल्कधर्मी गिलावा भरला, की त्या जागेतील सळई सुरक्षित होते. पण तीच सळई पुढे जुन्या, खारावलेल्या काँक्रीटमध्ये शिरते. एकाच सळईच्या या दोन भागांमध्ये विद्युत विभवाचा फरक निर्माण होतो आणि दुरुस्तीच्या कडेलगतचा जुना भाग आधीपेक्षा वेगाने गंजू लागतो. दुरुस्तीच्या भोवती कडे केल्यासारखे नवे पोपडे दिसतात ते यामुळे. हे टाळण्यासाठी काही ठिकाणी सळईला जस्ताचे छोटे तुकडे जोडून नव्या गिलाव्यात पुरतात; जस्त स्वतः झिजते आणि आसपासच्या लोखंडाला वाचवते.

योग्य दुरुस्तीत प्रथम संपूर्ण छत हलक्या हातोडीने ठोकून पाहतात. सलग काँक्रीटचा आवाज खणखणीत येतो, सुटलेल्या थराचा आवाज बद्द येतो, आणि अशी प्रत्येक जागा खडूने आखून घेतात. आखलेल्या भागातील काँक्रीट सळईच्या खालच्या बाजूपुरते खरवडून भागत नाही. सळईच्या मागे बोट जाईल इतकी मोकळी जागा होईपर्यंत ते काढावे लागते, नाहीतर मागच्या बाजूचा गंज तसाच राहतो. नंतर सळई तारेच्या ब्रशने किंवा वाळूच्या माऱ्याने स्वच्छ करतात, तिची जाडी मोजतात, ती फार झिजली असेल तर शेजारी नवी सळई पुरेशा लांबीपर्यंत जोडतात, संरक्षक लेप देतात आणि पॉलिमरयुक्त मॉर्टर किंवा मायक्रोकाँक्रीट भरतात. खांब किंवा तुळईचे काँक्रीट काढण्यापूर्वी वरचा भार पेलणारे टेकू द्यावेच लागतात. टेकूंचा खर्च वाचवणारा ठेकेदार स्वस्त वाटला तरी त्याला काम देऊ नये.

आपल्या इमारतीत कार्बनचा परिणाम आहे की क्लोराइडचा, हे आधी ठरवले पाहिजे. ताज्या तोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थेलीनचे द्रावण फवारले की निरोगी भाग गडद गुलाबी होतो आणि कार्बनग्रस्त भाग रंगहीन राहतो. ही चाचणी काही मिनिटांत होते आणि समितीच्या सदस्यांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येते. क्लोराइडबद्दल मात्र ती काहीच सांगत नाही. त्यासाठी वेगवेगळ्या खोलीवरची भुकटी ड्रिलने काढून प्रयोगशाळेत पाठवावी लागते. खाडीलगतच्या इमारतीत हा खर्च टाळू नये. त्याचबरोबर गच्चीची आणि वरच्या मजल्यावरील न्हाणीघरांची गळती आधी थांबवावी, कारण ओलावा येत राहिला तर उत्तम मॉर्टरही फार काळ तग धरणार नाही.

प्रश्न : एका अभियंत्याने आमची इमारत सी-२बी वर्गात घातली, दुसऱ्याने सी-१. दोघांकडेही चाचण्यांचे आकडे आहेत. विश्वास कोणावर ठेवायचा? (समिती सदस्य, डोंबिवली)

उत्तर : हा फरक लहान नाही. सी-१ म्हणजे इमारत ताबडतोब रिकामी करून पाडणे. सी-२ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती करणे. सी-२बी म्हणजे रहिवाशांना न हलवता संरचनात्मक दुरुस्ती करणे. सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. त्यामुळे दोन्ही अहवालांचा निष्कर्ष बाजूला ठेवून आधी त्यांच्या परिशिष्टांतील मोजमापे शेजारी शेजारी मांडावीत, असा माझा सल्ला आहे.

पृष्ठभागावर आपटून उसळी मोजणाऱ्या रिबाउंड हातोडीचा आकडा काँक्रीटच्या वरच्या पृष्ठभागाचा कठीणपणा सांगतो. त्यावरून काढलेल्या ताकदीत २५ टक्क्यांपर्यंत फरक पडू शकतो, हे भारतीय मानकातच नमूद आहे. शिवाय कार्बनग्रस्त पृष्ठभाग अधिक कठीण होत असल्यामुळे जुन्या इमारतीत हा आकडा फसवा चांगला येतो. श्राव्यातीत (अल्ट्रासॉनिक) ध्वनिवेगाची चाचणी काँक्रीटचा एकसंधपणा दाखवते: १९९२ च्या मानकानुसार वेग सेकंदाला साडेतीन किलोमीटरच्या वर असेल तर दर्जा चांगला, तीनच्या खाली असेल तर शंकास्पद मानला जाई; २०१८ मध्ये त्याची जागा नव्या मानकाने घेतली. सळईचे विद्युत विभव मोजणाऱ्या हाफ सेल चाचणीत कॉपर सल्फेट विद्युतअग्राच्या तुलनेत विभव उणे ३५० मिलिव्होल्टपेक्षाही अधिक ऋण आले, तर तिथे गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून अधिक मानतात; पण गंजाने आतापर्यंत किती लोखंड खाल्ले, हे ती सांगत नाही. ताकदीचा सर्वांत थेट पुरावा म्हणजे काँक्रीटमधून कापून काढलेले कोअर, म्हणजे दंडगोल नमुने. ते किती काढले, कोणत्या मजल्यावरच्या कोणत्या खांबांतून काढले, आणि उरलेल्या खांबांचा अंदाज कशावरून केला, हे दोघांनाही लेखी विचारावे.

एवढे करूनही चित्र अपुरे राहू शकते, कारण चाचण्या काँक्रीटची प्रकृती सांगतात, इमारतीची सुरक्षितता सांगत नाहीत. सुरक्षितता ठरवण्यासाठी मोजलेली ताकद आणि उरलेले पोलाद गृहीत धरून आजच्या भारांसाठी खांबांचे गणित पुन्हा करावे लागते. ज्या अहवालात हे गणित नाही, त्या अहवालाच्या जोरावर कुटुंबांना घराबाहेर काढणे जितके चूक, तितकेच ‘चिंता नाही’ म्हणून त्यांना तिथे ठेवणेही चूक आहे. मतभेद कायम राहिला तर महापालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीकडे दोन्ही अहवाल द्यावेत. मात्र निर्णय येईपर्यंत एखाद्या खांबात उभी भेग रुंदावताना दिसली, दारे अचानक अडकू लागली किंवा आतून तुटल्यासारखे आवाज आले, तर कोणत्याही समितीची वाट न पाहता बाहेर पडावे.

प्रश्न : तळमजल्यावरील दुकानदार आतला एक खांब ‘थोडा तासून’ जागा वाढवणार आहेत. सोसायटीने परवानगी द्यावी का? (पुणे)

उत्तर : नाही. जुलै २०१७ मध्ये घाटकोपरची सिद्धी साई इमारत कोसळून १७ जणांचे प्राण गेले, तेव्हा तळमजल्यावरील नूतनीकरणात खांबांना हात लावल्याचा आरोप पुढे आला होता. खांबाचा वरवरचा थर तासला तरी सळईचे संरक्षण जाते आणि आडव्या कड्या तुटल्या तर उभ्या सळया बाहेर वाकू शकतात. आज रात्रीच लेखी मनाई करावी आणि महापालिकेच्या प्रभाग कार्यालयाला कळवावे.

प्रश्न : आमच्याकडे दोन तट पडले आहेत. काहींना दुरुस्ती हवी आहे, काहींना पुनर्विकास. पर्यावरणाच्या दृष्टीने दुरुस्ती चांगली, असे म्हणतात. ते कितपत खरे? (बोरिवली)

उत्तर : बहुतेक वेळा खरे आहे, पण नेहमीच नाही. सिमेंटसाठी चुनखडी भट्टीत भाजताना इंधनातून तर कार्बन डायऑक्साइड निघतोच, पण त्याहून अधिक तो चुनखडीच्या विघटनातूनच बाहेर पडतो. म्हणून नुसते इंधन बदलून हा प्रश्न सुटत नाही. जगातील एकूण कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनात सिमेंटचा वाटा सुमारे ७ ते ८ टक्के मानला जातो. इमारतीत हा कार्बन मुख्यतः पाया, खांब, तुळया आणि स्लॅब यांत खर्च झालेला असतो. सांगाडा टिकवून फक्त खराब भाग बदलला तर त्यातील बहुतांश खर्च पुन्हा करावा लागत नाही, राडारोडाही त्या प्रमाणात कमी निघतो, आणि रहिवाशांची दोन-तीन वर्षांची भाड्याची वणवण टळते. ही शेवटची गोष्ट पर्यावरणाच्या हिशेबात येत नाही, पण ज्येष्ठ नागरिकांसाठी ती सर्वांत मोठी असते.

तरीही काही इमारतींची दुरुस्ती करू नये, असे मी स्पष्टपणे म्हणेन. क्लोराइड संपूर्ण काँक्रीटमध्ये, म्हणजे बांधकामाच्या वेळच्याच रेतीतून किंवा पाण्यातून पसरलेले असेल, बहुसंख्य खांबांची ताकद मूळ गृहीतापेक्षा फारच कमी भरत असेल, किंवा पाया असमान खचत असेल, तर प्रत्येक दुरुस्ती आधीच्या दुरुस्तीपेक्षा लवकर निकामी होते. दर चार-पाच वर्षांनी मोठी दुरुस्ती करत राहिल्यास सिमेंट, पैसा आणि धीर तिन्ही वाया जातात. याउलट सांगाडा ठीक असताना केवळ वाढीव चटईक्षेत्राच्या लोभाने इमारत ‘धोकादायक’ ठरवून घेणे हा अभियांत्रिकीचा दुरुपयोग आहे. पुनर्विकास हवा असेल तर तो मोठ्या घरासाठी, वाहनतळासाठी, लिफ्टसाठी हवा आहे असे सरळ म्हणावे. त्यात गैर काही नाही.

दुरुस्तीचा निर्णय झाला, तर काँक्रीटच्या संरक्षक थराकडे विशेष लक्ष द्यावे. कार्बनचा शिरकाव साधारणपणे काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात होतो. एखाद्या काँक्रीटमध्ये १० मिलिमीटर आत जायला त्याला १० वर्षे लागली, तर २० मिलिमीटर जायला सुमारे ४० लागतील. म्हणजे गवंड्याच्या निष्काळजीपणाने सळईवरचा थर निम्मा झाला की संरक्षणाचा काळ पाव होतो. राज्याच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचे दर ५ वर्षांनी आणि ३० वर्षांवरील इमारतीचे दर ३ वर्षांनी संरचनात्मक परीक्षण करायचे असते. त्या परीक्षणांची तुलना करता यावी म्हणून प्रत्येक वेळी त्याच जागांवर मोजमाप घ्यायला सांगावे आणि जुने अहवाल सोसायटीच्या दप्तरात जपून ठेवावेत. नवे पदाधिकारी आले की जुनी कागदपत्रे सापडत नाहीत, ही तक्रार मला इतक्या ठिकाणी ऐकू येते की तिला किरकोळ म्हणवत नाही.

प्रश्न : सावित्री नदीचा पूल गेला, आता इंद्रायणीवरचाही गेला. आजच्या काळात पुलांना सेन्सर लावून आधीच इशारा मिळवता येत नाही का? (महाड)

उत्तर : मिळवता येतो, परंतु कोणता धोका आहे हे ओळखून त्याच धोक्याचा सेन्सर लावला पाहिजे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ पडलेला सावित्रीवरील पूल १९२८ सालचा, दगडी कमानींचा होता. त्याच वर्षी मे महिन्यात त्याची पाहणी होऊन तो वाहतुकीस योग्य असल्याचे सांगितले गेले होते. कोरड्या ऋतूत वरून केलेली पाहणी कमानी आणि कठडे दाखवते. पुराच्या पाण्यात खांबाच्या बुंध्याशी जमीन किती खरवडली जाते, हे ती दाखवू शकत नाही. प्रवाह खांबाला आपटून खाली वळतो, भोवरे तयार होतात आणि पायाभोवतीची वाळू उपसून नेतात; पूर ओसरताना तोच खड्डा पुन्हा गाळाने भरतो आणि उन्हाळ्यात सर्व काही ठाकठीक दिसते. यासाठी खांबाला लावलेले ध्वनिलहरींचे खोलीमापक, खांबाचा कल मोजणारे यंत्र, पाण्याची पातळी सांगणारा मापक आणि एका ठरावीक पातळीवर वाहतूक बंद करण्याचा अधिकार पुलापाशी हजर असलेल्या माणसाला देणे, या चार गोष्टी एकत्र लागतात. शेवटची नसेल तर पहिल्या तिन्ही निरुपयोगी आहेत.

पूर्वप्रतिबलित काँक्रीटच्या पुलांचा धोका वेगळा असतो. त्यांतील ताणलेल्या पोलादी केबली काँक्रीटच्या आत बंदिस्त असतात. गोव्यातील मांडवीवरचा पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला, तेव्हा त्याला जेमतेम पंधरा-सोळा वर्षे झाली होती. समुद्री हवेत केबली गंजणे हे त्याचे प्रमुख कारण मानले जाते. जर्मनीतील ड्रेस्डेन शहरातला कारोला पूल ११ सप्टेंबर २०२४ च्या पहाटे अंशतः कोसळला, तोही केबलींच्या पोलादात आतल्या आत पडलेल्या तड्यांमुळे, आणि वरून पाहणाऱ्याला त्याची चाहूल लागली नव्हती. अशा पुलांवर आता ध्वनी-संवेदक बसवतात. केबलीतील एखादी तार तुटली की उठणारा सूक्ष्म आवाज ते टिपतात आणि अनेक संवेदकांच्या वेळेच्या फरकावरून तुटलेली जागा शोधता येते. कंपनमापकांचा उपयोगही होतो, कारण पूल कमकुवत झाला की त्याची नैसर्गिक वारंवारता, म्हणजे दर सेकंदाला होणाऱ्या त्याच्या स्वाभाविक कंपनांची संख्या, घटते. मात्र तापमानानेही ती बदलते, म्हणून निदान एक वर्षभराच्या नोंदी हाती असल्याखेरीज त्या आकड्यांवरून निष्कर्ष काढू नये.

१५ जून २०२५ रोजी कुंडमळा येथे इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल पडला, तिथे मात्र सेन्सरने काय केले असते, असा प्रश्न पडतो. पूल धोकादायक असल्याचा फलक तिथे लागलेला होता. पावसाळी रविवारची गर्दी त्यावर गेली. धोका माहीत झाल्यानंतर पुलाच्या दोन्ही टोकांना भक्कम अडथळा उभारणे किंवा पूल काढून टाकणे, हे काम कोणतेही यंत्र करणार नाही. मुंबईत मार्च २०१९ मध्ये पडलेल्या हिमालय पुलाचे तर परीक्षण झालेले होते आणि त्यात किरकोळ दुरुस्तीच सुचवली होती. गंजलेल्या लोखंडाला हात लावून, रंगाचा थर खरवडून पाहणारी तपासणी आणि छायाचित्रांवरून भरलेला तक्ता यांच्यातील फरक लोकांच्या जिवावर बेततो. सेन्सरवर खर्च करण्यापूर्वी प्रत्येक जुन्या पुलाखाली शिडी आणि होडी घेऊन जाणारे पथक नेमावे, अशी माझी आग्रहाची मागणी आहे.

प्रश्न : आमच्या तालुक्यातील भंडारदरा धरण शंभर वर्षांचे झाले. इतके जुने धरण सुरक्षित असते का? गावाजवळच्या लहान मातीच्या धरणाचे काय? (अकोले)

उत्तर : केवळ वयावरून धरण असुरक्षित ठरत नाही. प्रवरेवरील हे दगडी धरण १९२६ साली पूर्ण झाले. १९६९ मध्ये त्याला तडे जाऊन गळती वाढली, तेव्हा धरणाच्या अंगातून खालच्या खडकापर्यंत पोलादी केबली नेऊन ताणण्यात आल्या आणि खालच्या बाजूस आधारभिंती बांधून ते बळकट करण्यात आले. कोयनेलाही डिसेंबर १९६७ च्या भूकंपात तडे गेले होते. तिथेही मागून काँक्रीटचा आधार देऊन धरण टिकवले गेले. अशा धरणांत पायाखालून वर रेटणाऱ्या पाण्याचा दाब, माथ्याची हालचाल आणि धरणाच्या आतल्या बोगद्यात जमणारी गळती नियमित मोजतात. गळतीचा एखादा आकडा फारसे सांगत नाही. जलाशयाची पातळी तेवढीच असताना ती वर्षानुवर्षे वाढते आहे का, हे पाहायचे असते.

लहान मातीच्या धरणांची मला अधिक काळजी वाटते, कारण तिथे मोजमाप करायला बहुधा कोणीच नसते. चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटले, आणि गळतीची तक्रार ग्रामस्थांनी आधीच केलेली होती. गावकऱ्यांना कोणत्याही यंत्राशिवाय एक गोष्ट पाहता येते. बांधाच्या खालच्या बाजूने झिरपणारे पाणी स्वच्छ आणि स्थिर असेल, तर त्याची नोंद ठेवून पाटबंधारे विभागाला कळवावे. तेच पाणी गढूळ येऊ लागले, तर ते बांधातली माती वाहून आणत आहे. अशा वेळी फोन, लेखी अर्ज आणि तलाठ्यामार्फत तहसीलदारांना सूचना हे तिन्ही त्याच दिवशी करावे आणि खालच्या वस्तीला रात्र होण्याआधी हलवावे. बांधावर वाढलेली झाडे, खेकड्यांची व उंदरांची बिळे आणि माथ्यावरची लांबट भेग या गोष्टी पावसाळ्यापूर्वी, मे महिन्यात, ग्रामसभेने स्वतः फिरून पाहाव्यात व त्यांची छायाचित्रे तारखेसह ठेवावीत.